गावच्या वाचनालयातील जुने संगणक आणि हलके लिनक्स: एक परीक्षण

दारव्हा तालुक्यातील आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात दोन जुने संगणक आहेत. टेबलावरचा मोठा संगणक कोअर टू ड्युओ ई७५०० प्रोसेसरचा असून त्यात २ जीबी रॅम आणि १६० जीबीची हार्ड डिस्क आहे. दुसरे यंत्र म्हणजे इंटेल ॲटम एन२७० प्रोसेसरचे, १ जीबी रॅमचे छोटे नेटबुक. पहिल्यावर विंडोज ७ होते आणि दुसऱ्यावर विंडोज एक्सपी. मायक्रोसॉफ्टने एक्सपीच्या सुरक्षा दुरुस्त्या ८ एप्रिल २०१४ रोजी आणि विंडोज ७ च्या १४ जानेवारी २०२० रोजी थांबवल्या. क्रोम ब्राउझरची विंडोज ७ वर चालणारी शेवटची आवृत्ती १०९ ही ठरली. यंत्रे धडधाकट, पण त्यांवरचे ब्राउझर जुने, त्यामुळे शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याच्या दिवसांत मुले येत आणि विचारत, ‘‘गुरुजी, हे पान काहून नाही उघडून राहिलं?’’ या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी दोन्ही यंत्रांवर विंडोजऐवजी लिनक्स या फुकट मिळणाऱ्या संगणक-प्रणालीची वेगवेगळी हलकी रूपे (त्यांना डिस्ट्रो म्हणतात) लावून पाहिली. त्यांत काय चालले, काय चालले नाही आणि आमच्यासारख्या गावात कोणते घ्यावे, हे येथे लिहीत आहे.

हलक्या लिनक्सची चर्चा बहुधा रिकाम्या पडद्यावर किती एमबी रॅम लागते, एवढ्यावरच थांबते. वाचनालयासाठी तो निकष अपुरा आहे. आमच्याकडे येणारा माणूस सातबारा काढतो, महाडीबीटीवर अर्ज भरतो, तहसीलदारांच्या नावे मराठीत अर्ज टंकतो, त्याची छापील प्रत घेतो आणि मधेच लाईन गेली तर उठून घरी जातो. तेव्हा डिस्ट्रो मोबाइलच्या डेटावर उतरवता येते का, मराठी अक्षरे नीट दिसतात आणि लिहिता येतात का, प्रिंटर चालतो का आणि वीज अचानक गेल्यावर यंत्र पुन्हा सुरळीत उठते का, हे प्रश्न मी रॅमच्या आकड्याइतकेच महत्त्वाचे धरले आहेत.

लिनक्सला हात लावण्याआधी यंत्राकडे पाहणे आवश्यक आहे. आमच्या भागात कपाशीच्या हंगामात हवेतली रुई आणि एरवीची धूळ प्रोसेसरच्या पंख्याखालील जाळीत घट्ट बसते आणि प्रोसेसरवरचा उष्णतावाहक लेप वर्षानुवर्षांत वाळून जातो. यवतमाळ-अकोल्याकडच्या मे महिन्यात खोलीतच चाळीस अंशांहून अधिक तापमान असताना असा प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग आपोआप कमी करतो आणि माणूस दोष सॉफ्टवेअरला देतो. दुसरी बाब मदरबोर्डवरच्या सीआर २०३२ या गोल सेलची. तो संपला की वीज जाताच संगणकाची तारीख कित्येक वर्षे मागे जाते आणि मग सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे अवैध ठरून एकही पान उघडत नाही. हा सेल घड्याळ दुरुस्त करणाऱ्याकडेही मिळतो. या दोन गोष्टी न करता केलेली कोणतीही तुलना मला विश्वासार्ह वाटत नाही.

डिस्ट्रो उतरवण्याचा प्रश्न शहरातल्या माणसाला फारसा जाणवणार नाही, पण आमच्याकडे तो निवडीवर थेट परिणाम करतो. वाचनालयात ब्रॉडबँड नाही. फोनचा हॉटस्पॉट आणि रोजचा दीड-दोन जीबीचा डेटा हीच सोय. लुबंटू २४.०४ ची प्रतिमा (म्हणजे पेनड्राइव्हवर घेऊन बसवायची एकसंध फाइल) सुमारे ३ जीबीची आहे, म्हणजे ती एका दिवसाच्या डेटात बसत नाही. अँटीएक्स २३ ची पूर्ण प्रतिमा १.८ जीबीच्या आसपास, तिचीच ‘बेस’ आवृत्ती १.२ जीबीच्या आसपास, तर पपी लिनक्सची फॉसापप ही आवृत्ती साधारण ४०० एमबीची. तुटलेले डाउनलोड जिथून थांबले तिथून पुढे नेणारे साधन वापरावे आणि उतरवून झाल्यावर फाइलची शा-२५६ बेरीज (फाइल जशीच्या तशी उतरली का हे दाखवणारा आकडा) अधिकृत पानावरील आकड्याशी जुळवून पाहावी, असा माझा आग्रह आहे, कारण अर्धवट फाइलपासून बनवलेला पेनड्राइव्ह निम्म्या वाटेवर थांबतो आणि कारण कळत नाही. पेनड्राइव्हसाठी व्हेंटॉय हे साधन मला सर्वांत सोयीचे वाटले. ते एकदा बसवले की प्रतिमा फाइली नुसत्या त्यात कॉपी करायच्या आणि सुरू होताना यादीतून हवी ती निवडायची. फोन यूएसबी केबलने जोडून टेदरिंग सुरू केले की बहुतेक डिस्ट्रोंना वेगळा ड्रायव्हर न घालता इंटरनेट मिळते. ज्या जुन्या लॅपटॉपांच्या वाय-फाय चिपला वेगळे फर्मवेअर (चिप चालवणारे छोटे सॉफ्टवेअर) लागते, त्यांच्यासाठी सुरुवातीला हाच मार्ग उपयोगी पडतो.

पहिला मान पपी लिनक्सला दिला. ऑस्ट्रेलियातील बॅरी कॉलर यांनी २००३ मध्ये सुरू केलेली ही डिस्ट्रो सुरू होताना स्वतःला पूर्णपणे रॅममध्ये उतरवते. त्यामुळे हार्ड डिस्क संथ असली, किंबहुना मुळीच नसली, तरी कामाचा वेग कमी होत नाही. मोठ्या संगणकावर बुकवर्मपप ६४ ही, डेबियन या मोठ्या डिस्ट्रोच्या १२ व्या आवृत्तीवर आधारलेली पपी चालवली, तेव्हा खिडक्या क्लिक करताक्षणी उघडत होत्या आणि हा तोच संगणक आहे यावर वाचनालयात बसलेल्यांचा विश्वास बसेना. काम संपवताना बदल एका ‘सेव्ह फाइल’मध्ये साठवायचे की नाही हे पपी विचारते आणि नाही म्हटले तर पुढच्या वेळी संगणक जसा होता तसा उठतो. सार्वजनिक ठिकाणी या गुणाचे मोल फार मोठे आहे. गावातला माणूस आधार कार्ड, उत्पन्नाचा दाखला, बँक पासबुकाची प्रत उतरवतो, छापतो आणि निघून जातो. ती फाइल डाउनलोडच्या फोल्डरात पडून राहते आणि मागून येणाऱ्या प्रत्येकाला दिसते. पपीत बदल न साठवता संगणक बंद केला की हे सारे नाहीसे होते.

तरीही पपी आम्ही ठेवली नाही. तिच्यात वापरणारा मुळातच ‘रूट’ म्हणजे सर्वाधिकारी असतो. घरच्या एकट्या माणसाला ते चालेल. दहावीची मुले बसतात तिथे मला ते पटत नाही. शिवाय मूळ स्थितीत तिच्यात देवनागरीचा चांगला फॉन्ट नसतो, म्हणून मराठी पाने चौकोनांनी भरलेली दिसतात. बुकवर्मपपमध्ये डेबियनचे सॉफ्टवेअर-भांडार असल्याने ‘फॉन्ट्स-देवा’ हा संच घालून हे दुरुस्त होते, पण ३२-बिट (जुन्या पिढीच्या प्रोसेसरच्या; नवे ६४-बिट असतात) यंत्रांसाठीच्या जुन्या पपीत प्रत्येक गोष्ट शोधून बसवावी लागते. ज्याला संगणक पोटाशी घेऊन बसण्याची आवड आहे आणि जो तो एकटाच वापरतो, त्याने पपी अवश्य घ्यावी. बंद पडलेल्या विंडोजमधल्या फाइली वाचवण्यासाठी तर एका पेनड्राइव्हवर ती कायम असावी.

टायनी कोअरची प्रतिमा जेमतेम २० ते २५ एमबीची असते. तिची रचना अभ्यासण्यासारखी आहे, परंतु ब्राउझर, फॉन्ट, मराठी कळफलक आणि प्रिंटर सारे वरून चढवावे लागते आणि ते चढवून झाल्यावर तिचा हलकेपणा उरत नाही. लुबंटू आणि लिनक्स लाइट या नीटनेटक्या, नवख्याला सोप्या डिस्ट्रो आहेत. पण दोन्ही आता केवळ ६४-बिट आहेत, लुबंटूने १९.०४ पासून ३२-बिट सोडले, आणि २ जीबी रॅम व फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क असलेल्या यंत्रावर त्या धापा टाकतात. बोधी लिनक्सचा मोक्ष हा डेस्कटॉप दिसायला देखणा आणि बराच हलका आहे, मात्र मेनूची रीत इतकी वेगळी आहे की विंडोजवर हात बसलेल्या माणसाला प्रत्येक वेळी कोणीतरी शेजारी लागते.

अँटीएक्सवर मात्र माझे मन बसले. डेबियनवर आधारलेली, ग्रीसमधून चालणारी ही डिस्ट्रो सिस्टमडी ही सुरू होण्याची आजची प्रचलित पद्धत न वापरता जुन्या सिसव्हीइनिट किंवा रनइट या पद्धतींनी सुरू होते आणि पूर्ण डेस्कटॉपऐवजी आइसडब्ल्यूएम हा साधा खिडकी-व्यवस्थापक वापरते. मोठ्या संगणकावर सुरू झाल्यानंतर तिने दोनशे ते अडीचशे एमबीच्या दरम्यान रॅम घेतली, म्हणजे २ जीबीतील बहुतेक सारी रॅम ब्राउझरसाठी मोकळी राहिली. अँटीएक्स २३ ही आवृत्ती २०२३ मध्ये आली आणि ती ३२-बिटमध्येही मिळते, त्यामुळे ॲटमचे नेटबुकही तिच्यावर आणता आले. नेटबुकचा प्रोसेसर ६४-बिट आज्ञा समजतच नसल्याने तिथे पर्यायच थोडे होते. थोडे असल्यामुळे अँटीएक्स निवडली, असे मात्र नाही. मोठ्या संगणकावर सर्व पर्याय खुले असतानाही तीच सरस ठरली.

तिचे खरे सामर्थ्य पेनड्राइव्ह आणि ‘फ्रूगल’ मांडणीच्या साधनांत आहे. फ्रूगल मांडणीत संपूर्ण प्रणाली एकाच दाबलेल्या, फक्त वाचता येणाऱ्या फाइलीत हार्ड डिस्कवर बसते आणि वरचे बदल वेगळ्या फाइलीत जातात. हे बदल रॅममध्येच ठेवून बंद करताना साठवायचे की नाही हे विचारण्याची सोय तिच्यात आहे. आम्ही मोठ्या संगणकावर फॉन्ट, मराठी कळफलक, प्रिंटर आणि ब्राउझरची मांडणी एकदा नीट लावून ती साठवली आणि त्यानंतर रोजच्या वापरात काहीही साठवायचे नाही असा नियम केला. त्यामुळे पपीचा जो गुण मला हवा होता, म्हणजे मागच्या माणसाचे कागद पुढच्याला न दिसणे, तो सामान्य वापरकर्त्याच्या खात्यासह मिळाला.

वीज जाण्याच्या प्रश्नालाही हीच मांडणी उत्तर देते. पावसाळ्यात गावठाण फीडरची लाईन केव्हा जाईल याचा नेम नसतो आणि वाचनालयाच्या यूपीएसची बॅटरी थकलेली आहे. नेहमीच्या पद्धतीने बसवलेल्या लिनक्समध्ये ईएक्सटी४ ही फाइल-रचना नोंदवहीच्या आधारे स्वतःला बहुतांशी सावरते, पण लिहिणे चालू असतानाच वीज गेली तर एखादी प्रणाली-फाइल अर्धवट राहण्याचा धोका उरतो. फ्रूगलमध्ये मूळ प्रणालीवर काही लिहिलेच जात नसल्याने तो धोका तिच्यापुरता संपतो. विद्यार्थ्याचा अर्धा लिहिलेला अर्ज अर्थातच जातो, म्हणून अर्ज टंकणाऱ्याने आपला पेनड्राइव्ह लावून त्यावरच वारंवार साठवावे, अशी सूचना टेबलावर चिकटवली आहे.

अँटीएक्सचे उणेपण दिसण्यात आणि गर्दीत आहे. मेनूत एकाच कामाची दोन-तीन साधने, निरनिराळे फाइल-व्यवस्थापक आणि सत्र निवडण्याचे अनेक पर्याय दिसतात. जाणत्याला ती श्रीमंती वाटेल, पण सातबारा काढायला आलेल्या काकांना ती भीतीदायक वाटते. आम्ही पडद्यावर ब्राउझर, लिबरऑफिस रायटर, पीडीएफ वाचक आणि संगणक बंद करणे एवढीच चिन्हे ठेवली, नावे मराठीत लिहिली, अक्षरे मोठी केली. लिबरऑफिस आणि फायरफॉक्स या दोन्हींचे मराठी भाषासंच डेबियनच्या भांडारात आहेत आणि ते घातल्यावर मेनू मराठीत दिसतात. एवढे केल्यावर तक्रार राहिली नाही.

आता ब्राउझरविषयी, कारण हलक्या लिनक्सची सारी परीक्षा तिथे होते. प्रणालीने दोनशे एमबी घेतले काय आणि चारशे घेतले काय, आजचे एक भरगच्च संकेतस्थळ उघडले की ब्राउझर एकटा पाचशे-सातशे एमबी सहज खातो. नेटबुकवर अँटीएक्स झपाट्याने उठते, टंकलेखन, पीडीएफ वाचन आणि गाणी यांत कुठेही अडत नाही. फायरफॉक्समध्ये अर्जाचे मोठे पान उघडले की मात्र प्रत्येक क्लिकनंतर थांबावे लागते. क्रोमने ३२-बिट लिनक्सची साथ २०१६ मध्येच सोडली, म्हणून तिथे क्रोमचा पर्यायही नाही. जी संकेतस्थळे जावास्क्रिप्टवर उभी आहेत, ती डिलो किंवा नेटसर्फसारख्या हलक्या ब्राउझरांत चालत नाहीत, हेही स्पष्ट सांगायला हवे. मोठ्या संगणकावर फायरफॉक्स ईएसआर (दीर्घकाळ दुरुस्त्या मिळणारी आवृत्ती), त्यात जाहिराती अडवणारे यूब्लॉक ओरिजिन आणि रॅमचा काही भाग दाबून वापरणारे झेडरॅम एवढ्या तीन गोष्टींनी दोन-तीन टॅब सुखाने चालतात. यूट्यूबवरचे धडे पाहायचे तर या पिढीच्या इंटेल चित्रचिपला व्हीपी९ आणि एव्ही१ ही आजची दृश्यरूपे उलगडता येत नाहीत आणि सारा भार प्रोसेसरवर पडतो. एच२६४ हे जुने रूपच मागवणारे ब्राउझरचे पूरक जोड घातले किंवा एमपीव्ही या प्लेअरमध्ये ३६० रेषांवर पाहिले तर काम भागते.

याच कारणाने खर्च करायचाच असेल तर तो कुठे करावा, याबद्दल माझे मत ठाम आहे. मोठ्या संगणकात दुसरी रॅम घालून ४ जीबी केली आणि फिरत्या डिस्कच्या जागी लहान एसएसडी (फिरती तबकडी नसलेली डिस्क) लावली, तेव्हा जो फरक पडला तो कोणतीही डिस्ट्रो बदलून पडला नव्हता. त्या काळच्या मदरबोर्डचा साटा-२ हा डिस्क जोडण्याचा दुवा एसएसडीचा पूर्ण वेग देऊ शकत नाही, तरीही वाचनाचे काम तबकडीपेक्षा कितीतरी लवकर होते. रॅम घेताना बोर्डवर डीडीआर२ आहे की डीडीआर३ हे आधी पाहावे, कारण त्या पिढीत दोन्ही आढळतात. ४ जीबी आणि एसएसडी झाल्यावर अँटीएक्सच्याच भावकीतली एमएक्स लिनक्स २३ ही एक्सएफसीई डेस्कटॉपची डिस्ट्रोही सहज चालते. ती अधिक देखणी आहे, तिची साधने नवख्याला लवकर कळतात आणि फ्रूगलची सोय तिच्यातही आहे. एवढी दुरुस्ती ज्यांना शक्य आहे, त्या शाळांना आणि घरांना मी एमएक्स सुचवीन. आम्ही मात्र अँटीएक्सच ठेवली, कारण वाचलेली प्रत्येक एमबी ब्राउझरच्या कामी येते आणि दोन्ही यंत्रांवर एकच रीत राहिली तर शिकवणे सोपे जाते.

मराठी लेखनाच्या बाबतीत लिनक्सविषयी गावात बराच गैरसमज आहे. इनस्क्रिप्ट हा भारतीय भाषांचा प्रमाणित कळफलक प्रणालीतच असतो. तो मांडणीत जोडून एका कळजोडीने इंग्रजी-मराठी बदल करता येतो, वेगळे सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागत नाही. पारखण्यासाठी मी ‘वऱ्हाड’, ‘दर्‍या’ आणि ‘ज्ञानेश्वर’ असे शब्द लिहून पाहतो. शिफ्ट धरून ‘र’ची कळ दाबली की ‘ऱ’ येतो, ‘ल’च्याच कळीवर ‘ळ’ मिळतो, आणि लोहित किंवा नोटो फॉन्ट असेल तर जोडाक्षरे छापतानाही तुटत नाहीत. मोबाइलवरच्या उच्चारी टंकनाची सवय झालेल्या मुलांसाठी आयबस हे टंकनाचे साधन आणि त्याचे एम१७एन संच घातले की मराठी फोनेटिक मिळते; जुन्या टंकयंत्रावर शिकलेल्यांना त्यातच हिंदी रेमिंग्टन मांडणी सापडते, जी मराठीलाही बरीचशी चालते. अडचण येते ती जुन्या फाइलींची. कृतिदेव किंवा श्रीलिपीत केलेली पत्रे युनिकोड या सर्वत्र चालणाऱ्या अक्षर-पद्धतीत नसल्याने तो विशिष्ट फॉन्ट वापरकर्त्याच्या ‘फॉन्ट्स’ फोल्डरात घातल्याशिवाय वाचता येत नाहीत. फॉन्ट घातला की दिसतात, छापता येतात. त्यांत बदल करायचा तर आधी युनिकोडमध्ये रूपांतर करून घेणे बरे.

प्रिंटर घेण्याआधी किंवा लिनक्स लावण्याआधी प्रिंटरचे नेमके मॉडेल पाहून घ्यावे. पोस्टस्क्रिप्ट किंवा पीसीएल या छपाईच्या भाषा समजणारे प्रिंटर कप्स या छपाई-व्यवस्थेत लगेच ओळखले जातात आणि एचपीच्या बहुसंख्य प्रिंटरांसाठी एचपीएलआयपी हा संच पुरेसा होतो. गावोगावच्या दुकानांत दिसणारे काही स्वस्त लेझर प्रिंटर मात्र पानाची सारी आखणी संगणकाकडूनच करून घेतात, तर काहींना चालू केल्यावर दर वेळी संगणकाने फर्मवेअर पाठवावे लागते; अशांच्या बाबतीत लिनक्सवर वेळ जातो. दुसरा उपाय नसेल तर पीडीएफ करून फोनवरून छापणे हा मार्ग उरतो.

सेतू किंवा आपले सरकार सेवा केंद्र चालवणाऱ्यांनी आपल्या मुख्य संगणकावरचे विंडोज काढू नये, असे मी स्पष्ट सांगेन. बोटांचे ठसे घेणाऱ्या यंत्रांची नोंदणीकृत सेवा मुख्यतः विंडोज आणि अँड्रॉइडसाठी बनलेली असते, आणि डिजिटल सहीच्या टोकनांचे ड्रायव्हर काही कंपन्या लिनक्ससाठी देत असल्या तरी रोजच्या धंद्यात ती जुळवाजुळव परवडणारी नाही. त्यांच्याकडचा दुसरा, कोपऱ्यात पडलेला संगणक टंकलेखन आणि छपाईसाठी अँटीएक्सवर आणता येईल. विंडोज १० च्या नियमित दुरुस्त्याही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या असल्याने असे संगणक आता तालुक्यात पुष्कळ निघतील, आणि ते जवळजवळ सारे ६४-बिट व ४ जीबीचे असल्याने त्यांवर एमएक्स किंवा अँटीएक्स दोन्ही मोकळेपणाने चालतील.

नेटबुकचे भवितव्य मात्र मर्यादित आहे. डेबियनने ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या १३ व्या आवृत्तीपासून ३२-बिट पीसीसाठी प्रतिष्ठापक (बसवण्याचे साधन) आणि कर्नल (प्रणालीचा गाभा) देणे बंद केले. अँटीएक्स २३ ज्यावर उभी आहे त्या डेबियन १२ ला दीर्घकालीन दुरुस्त्या जून २०२८ पर्यंत मिळणार आहेत. ३२-बिट लिनक्ससाठीची फायरफॉक्सची १४४ ही शेवटची नियमित आवृत्ती ठरली असून ईएसआर १४० च्या दुरुस्त्या सप्टेंबर २०२६ पर्यंत तरी देण्याचे मोझिलाने जाहीर केले आहे. म्हणून नेटबुकवर आम्ही अर्ज भरण्याचे काम आताच बंद केले आहे. त्यावर इनस्क्रिप्टचा सराव, पीडीएफ पुस्तके आणि लिबरऑफिस एवढेच ठेवले आहे, आणि ब्राउझरच्या दुरुस्त्या थांबतील त्या दिवसापासून त्याला इंटरनेट जोडायचे नाही, असे वाचनालयाच्या कार्यकारिणीत ठरले आहे.